क्राउनमधली मानाची जागा

इत्सुको: नाही म्हणजे नाही, बाबा. किल्ली इकडे द्या.

तोराओ: साडेनऊला निघायचंय. गुरुजींसाठीची मिठाई घेतलीस का?

इत्सुको: घेतली. विषय बदलू नका. मागच्या महिन्यात तुम्ही पोस्टाच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासलीत. उजव्या दरवाजाला अजून ओरखडा आहे.

तोराओ: तो खांब नवीन बसवलाय त्यांनी.

इत्सुको: मी शाळेत जायचे तेव्हापासून तो खांब तिथंच आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा.

तोराओ: हे बघ. उद्या सकाळी मी पोलिसांकडे जाऊन लायसन्स परत करणार. मासाओमीला तसा शब्द दिलाय. तू बहीण आहेस त्याची, तुझ्यासमोरच दिला. उद्या गाडीपण जाईल. पण आज तुझ्या आईचा एकोणपन्नासावा दिवस आहे, शेवटचा विधी. तिच्या अस्थी देवळात पोचवायच्यात, त्या मीच नेणार. त्र्याऐंशी वर्षांचा झालो म्हणून काय झालं? एकोणसाठ वर्षं तिला मीच नेलं. शेवटच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर कशाला?

इत्सुको: सेतोचा तो डोंगरातला रस्ता, बाबा. चाळीस मिनिटं. आणि तुम्हाला उजव्या डोळ्यानं धड दिसत नाही. मासाओमी देवळात वाट बघतोय. आईच्या जोडीला तुम्हालाही आजच पोचवायचं का तिथं?

तोराओ: जीभ आवर.

इत्सुको: आवरली असती. भीती वाटते म्हणून बोलतेय.

नागुरा: माफ करा, दार उघडंच होतं. मी नागुरा. चुकीच्या वेळी आलो का?

तोराओ: अगदी वेळेवर आलास. ये. गाडी उद्या न्यायची ना?

नागुरा: उद्याच. आज फक्त किनुएवहिनींना उदबत्ती लावायला आलो. निघण्याआधी लावावी म्हटलं.

इत्सुको: नागुरासान, आधी तुम्हीच सांगा यांना. पस्तीस वर्षं गाडी विकताय, दुरुस्तीला नेताय, आणून सोडताय. या घरात तुमचं नाही ऐकणार तर कुणाचं ऐकतील?

नागुरा: मी काय सांगणार, इत्सुकोसान. गाडी चालवायचं सोडून बाकी सगळं मला यांनीच शिकवलंय.

तोराओ: ऐकलंस? बस, नागुरा. चहा घे. तुमची ती नवी क्राउन गाडी टीव्हीवर पाहिली. पुढून क्राउन, बाजूनं बघावं तर उंच टाचांचे बूट घातल्यासारखी.

नागुरा: आता चार प्रकारांत येते ती. सरळ बसकी गाडीपण आहे त्यात.

तोराओ: राजाला चार पोरं झाली की राज्याच्या वाटण्या होतात. जाऊ दे. तुझा काय दोष. तूसुद्धा मार्चमध्ये निवृत्त होतोयस ना?

नागुरा: हो. तुमची गाडी ही माझी शेवटची. आणि पहिलीही तुमचीच होती. ती पांढरी.

तोराओ: अठ्ठ्याऐंशी साल. तेव्हा नागोयात जिकडे बघावं तिकडे पांढरी क्राउन. सिग्नलला सात उभ्या, त्यातली आपली कुठली ते ओळखू यायची नाही. किनुए म्हणायची, आपली ओळखायला सोपी आहे, सीटची कव्हरं बघा.

नागुरा: लेसची. दर सोमवारी धुतलेली.

तोराओ: धुतलेली आणि इस्त्री केलेली. पांढरीच्या आधी ती व्हेल. तू नव्हतास तेव्हा. लोक त्या मॉडेलला व्हेल म्हणून हसायचे, तोंड गोल होतं ना तिचं. कुणाला नको होती, म्हणून मला जुन्यात परवडली. माझी स्वतःची पहिली गाडी. किनुएनं तिच्या बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाली, हिला कुणी हसू देत, आपण हिला जीव लावू.

इत्सुको: आणि तुम्ही काय केलंत? मागचा दरवाजा उघडलात.

तोराओ: मग? उघडायलाच हवा.

नागुरा: मी उदबत्ती लावून घेतो.

तोराओ: थांब, हेपण ऐकून जा. लग्नाच्या दिवशी मिनोयाच्या मालकांनी मला गाडी दिली. मी त्यांच्या भाड्याच्या गाड्या चालवायचो, टाय आणि पांढरे हातमोजे घालून. चौसष्ट साल. पहिली क्राउन, मोडीत निघायला आलेली. तिचे मागचे दरवाजे उलटे उघडायचे. पुढचा एकीकडे, मागचा दुसरीकडे, देव्हाऱ्याची दारं उघडतात तसे. किनुए खेड्यातली पोर. तिनं ती दारं उघडलेली पाहिली आणि हात जोडले. मी म्हटलं, अगं गाडी आहे, देव नाही. पण मला आतून इतकं बरं वाटलं. वाटलं, हिला असंच मानानं न्यायचं. कायम. आणि नेलं मी. ड्रायव्हरच्या मागची जागा, सगळ्यात मोठ्या पाहुण्याची. मंत्री बसतात तिथं, कारखान्याचे मालक बसतात. तिथं मी माझी बायको बसवली. एकोणसाठ वर्षं. ड्रायव्हरच्या शेजारी बॅग धरणारा कारकून बसतो, तिथं तिला एक दिवस बसू दिलं नाही.

इत्सुको: बाबा, तिला तिथंच बसायचं होतं.

तोराओ: कुठं?

इत्सुको: पुढं. तुमच्या शेजारी.

तोराओ: कुणी सांगितलं?

इत्सुको: तिनं. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. मी तिचे पाय चेपत होते. म्हणाली, तुझ्या बाबांच्या मानेवरचा केस न् केस मला ठाऊक आहे. पहिला कधी पांढरा झाला ते मला आधी कळलं, त्यांना नंतर. पण गाडी चालवताना त्यांचा चेहरा कसा दिसतो, ते मला माहीत नाही.

तोराओ: खोटं बोलतेस तू. किल्लीसाठी.

इत्सुको: आईच्या अस्थींसमोर?

तोराओ: एकदा तरी बोलली असती. एकोणसाठ वर्षांत एकदा.

इत्सुको: बोलली होती. लग्नाच्याच दिवशी. पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती ना ती? तुम्ही हसलात आणि म्हणालात, मालकीण मागं बसते. त्यानंतर ती कसं बोलणार? नवरा मान देतोय, तो परत कसा करायचा, म्हणाली.

तोराओ: आरशात तिच्या कपाळाचा एवढासा तुकडा दिसायचा. इथून इथपर्यंत. मी तेवढ्यावरून ओळखायचो, झोपली का जागी आहे.

इत्सुको: कव्हरं आठवा. दर सोमवारी चार कव्हरं धुवायची. पुढच्या डाव्या सीटवर कुणी बसतच नव्हतं, ते मळायचंच नाही. तरी ते ती सगळ्यात आधी धुवायची. इस्त्रीही त्यालाच पहिली. मी लहानपणी विचारायचे, कशाला गं? म्हणायची, असू दे.

तोराओ: मी नियमानं वागलो, नागुरा. तू सांग. नियम काय आहे?

नागुरा: नियम तुम्हीच शिकवलात, हाशिदासान. आम्ही दहा नवीन पोरं होतो शोरूममध्ये, आम्हाला शिकवायला तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही गाडीशेजारी उभं राहून दोन नियम पाठ करून घेतलेत.

तोराओ: पहिला. भाड्याच्या गाडीत, पगारी ड्रायव्हर असेल तर मानाची जागा त्याच्या मागची. शेजारची सगळ्यात खालची.

नागुरा: आणि दुसरा?

तोराओ: दुसरा...

नागुरा: मला रोज छडी हातात घेऊन म्हणायला लावायचात.

तोराओ: गाडीचा मालक स्वतः चालवत असेल, तर मानाची जागा त्याच्या शेजारची.

नागुरा: हो.

तोराओ: लोका सांगे ब्रह्मज्ञान.

इत्सुको: बाबा, रडू नका. मी टोचायला नाही सांगितलं.

तोराओ: तीन गाड्या माझ्या नावावर होत्या. तीन. कागदावर माझं नाव, हप्ते मी भरले, आणि बसलो मात्र मिनोयाचा ड्रायव्हर होऊन. हातमोजेसुद्धा काढले नाहीत मी, इत्सुको. बायकोला फिरायला नेताना हातमोजे घालायचो. मी स्वतःला कधी मालक समजलोच नाही.

नागुरा: ती मान देत होती, तुम्ही मान देत होतात. चूक कुणाची म्हणायची यात.

तोराओ: माझी. तू गोड बोलून विकतोस, ते गाड्यांपुरतं ठेव.

इत्सुको: मग आज बसवू या ना तिला पुढं.

तोराओ: पट्टा लावून? सीटवर डबा ठेवतात तशी? घाटात वळण आलं की कलंडायची.

इत्सुको: तेच म्हणतेय मी कधीची. तुम्ही चालवलीत तर तिला धरणार कोण? अस्थी घरच्या कर्त्यानं मांडीवर घ्यायच्या असतात. हात स्टिअरिंगवर असतील तर मांडीवरचं कोण सांभाळणार?

तोराओ: नागुरा, तुझं मत?

नागुरा: मत नाही. विनंती आहे. मालकानं आज मानाच्या जागी बसावं. वहिनींना घेऊन.

तोराओ: आणि ही चालवेल? हिला गाडी लावायला तीन खेपा लागतात.

इत्सुको: तीन लागू देत. खांबाला तर लागत नाही.

तोराओ: घे. किल्ली. आणि हे हातमोजे नकोत आता. नागुरा, ठेव तुझ्याकडे. कव्हरं मात्र आज काढायची नाहीत.

नागुरा: उद्यासुद्धा काढणार नाही. मी स्वतः धुवून आणून देईन तुम्हाला. चारही.

तोराओ: पुढचं आधी धू.

(नागुरानं उदबत्ती लावल्यानंतर, अंगण. गाडीचा पुढचा डावा दरवाजा उघडतो. पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा डबा घेऊन तोराओ बाहेर येतो.)

इत्सुको: सावकाश. डोकं सांभाळा. पाय आत घेतलात का?

तोराओ: घेतला. जागा बरीच आहे की गं इथं.

इत्सुको: तुम्हीसुद्धा पहिल्यांदाच बसताय ना इकडं.

तोराओ: पहिल्यांदाच. काच केवढी मोठी दिसते. किनुए, बघ. समोरच्या घरातल्या परसिमनच्या झाडाला फळं धरलीत. तू म्हणालीस तशी, यंदा जास्त.

नागुरा: हाशिदासान, मी नेहमीसारखा थांबतो. गाडी वळेपर्यंत वाकून.

तोराओ: कंबर दुखेल तुझी. तूपण साठीला आलास.

नागुरा: दुखू दे.

इत्सुको: पट्टा लावला? धरलंत तिला नीट?

तोराओ: धरलंय. डावीकडे बघ, मग आरशात, मग निघ. घाई करू नकोस.

इत्सुको: येतं मला, बाबा.

तोराओ: येतं गं तुला. तरी हळू घे. हा रस्ता तिनं समोरून कधी पाहिलेला नाही.