फोटोतली बाई

मी चिंचणीचा, मच्छीमाराचा पोरगा. बापाची होडी होती, पण मला बोट लागायची, उलट्या व्हायच्या, म्हणून बापानं मॅट्रिकपर्यंत शिकवलं आन् ऐंशीच्या आसपास मी बोईसरला रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून चिकटलो. गेटवर बसायचं, हजेरी मांडायची. ठेक्यावरच्या माणसांना फोटोवाला गेटपास असायचा, काम सुटलं की तो माझ्या खणात जमा. खुर्चीवर बसल्यावर मी डब्यात सुकट नेणं बंद केलं. चिंचणीचा म्हणून सांगायचो, मच्छीमार हाय ते नाय सांगायचो.

जानकी आमच्याच आळीतली, ठेक्यावर पॅकिंगला होती, मनगटापर्यंत हात निळे. एका नारळी पुनवेला ती आन् आणखी चार बाया आल्या नाहीत. आमच्या आळीत त्या दिवशी घरच्या बाईनं कुंकू लावल्याशिवाय होडी लोटत नाहीत, आन् भरती काय कारखान्याच्या भोंग्यावर येत नाय. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं गेटवर, वॉचमनसमोरच मला विचारलं, तू तिकडचाच ना, दिवसभर सण असतो का यांचा? मी म्हटलं, नाय साहेब, नारळ टाकायचा, अर्ध्या तासाचं काम. एवढंच बोललो. बायांना गेटवर अडवलं, चौघींनी माफी लिहून दिली. जानकी म्हणाली, सणाची माफी कसली? तिचा पास मीच घेतला.

दोन-तीन वर्षांनी कंपनीच्या वार्षिक दिवसाला लॅबमधल्या कुलकर्णींनी जुनं विलायती नाटक मराठीत करून बसवलं. श्रीमंताच्या घरी जेवणं चाललेली, तपासाला एक माणूस येतो, सांगतो की एक गरीब मुलगी जिवानिशी गेली, आन् निघतं काय, तर घरातल्या प्रत्येकानं तिला थोडं थोडं ढकललेलं. जास्त पगार मागितला म्हणून मालकानं तिला कामावरून काढलेलं. मालक मी. कुलकर्णी म्हणाले, तुम्ही उभेच राहता मालकासारखे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यात तो माणूस मालकाला मुलीचा फोटो दाखवतो आन् मालक ओळख नाकारतो. फोटो आणायचं काम माझ्याकडं, मी विसरलो. ऐन वेळी गेटवर पळालो, खणात हात घातला, जुना पास हाताला लागला, न बघताच तपासवाल्याला देऊन टाकला.

नाटकाला पुढं साहेब लोक खुर्च्यांवर, मग दोर, दोराच्या मागं ठेक्यावरची माणसं जमिनीवर. जानकीची भावजय अजून पॅकिंगला होती, तिच्यासोबत जानकीही आलेली. तपासवाल्यानं पास माझ्या हातात ठेवला, बघतो तर जानकी. काय सांगू तुमाला, वाक्यच विसरलो. विंगेतून कुलकर्णी वाक्य सांगतायत, परत सांगतायत. शेवटी बोललो, मी हिला ओळखत नाही. आवाज कापला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काम सुटल्यापासून जानकी बाजारात मासळी विकायची. मग कितीतरी वर्षं मी तिच्या टोपलीसमोरून गेलो नाय, लांबून वळसा घालायचो. गेल्या साली गेलो. म्हटलं, जानकी, नाटकातला फोटो तुझा होता. ती म्हणाली, म्हायत हाय. तितक्या लांबून फोटो नाय दिसला, तुझं तोंड दिसलं. मग सणाचंही सांगितलं, साहेबाला मीच तसं बोललो म्हणून. ती बोंबील निवडत होती. म्हणाली, तेबी म्हायत हाय, वॉचमन तवाच बोललेला. मी म्हटलं, मग इतकी वर्षं गप का ऱ्हायलीस? म्हणाली, तू कदी बोलतोस ते बघत होते. पन मला सांगून काय करतोस, मी काय पास देते? जितं बोललास तितं जाऊन सांग.

जुना मॅनेजर कधीच नोकरी सोडून गेलेला. यंदा पुनवेआधी नव्या मॅनेजरकडं गेलो, पॅकिंगच्या सात बायांची रजा मागायला. त्यानंही तेच विचारलं, दिवसभर असतो का यांचा सण? मी म्हटलं, यांचा नाय साहेब, आमचा. मी मच्छीमार हाय, आन् दिवसभर असतो. त्यानं माझ्याकडं जरा बघितलं आन् सही केली. दोन मिनिटांचं काम होतं.

जानकीला काम परत नाय मिळालं, मिळायचंही नाय. पुनवेला मी रजा घेऊन किनाऱ्यावर गेलो. ती होडीला कुंकू लावत होती. मला बघून म्हणाली, आलास तर नुसता उबा नको ऱ्हाऊ, होडीला हात लाव.