बुटका बाळकृष्ण

भूगावच्या थांब्यावर हैबतराव पौडच्या बसची वाट बघत होते. शेजारी आयटीतलं एक जोडपं कॉम्प्युटरवरच्या बास्केटबॉलबद्दल बोलत होतं. खेळाडू नुसते पडद्यावरचे, पण त्यांना निवडायचं, शिकवायचं, खेळवायचं म्हणे. नवऱ्याची टीम वेगळी, बायकोची वेगळी.

"जान्हवी, काल लिलावात मी बाळकृष्णला विकला."

"तो अठरा वर्षांचा बुटका? अरे मनीष, किती दिवस त्याला पासिंग शिकवत होतास."

"पासिंग शिकवलं, उंची कुठून शिकवू? बास्केटखाली उंच पोरगा हवा होता आणि जागा एकच."

"मग तोंड का पाडलंयस?"

"सकाळी सवयीनं त्याचं ट्रेनिंग बघायला गेलो, तर तो टीममध्येच नाही. कुणी घेतला तेही बघवलं नाही. बाकावर बसवून ठेवतील बिचाऱ्याला."

पौडची बस आली. हैबतराव उठले आणि परत बसले. बस गेली.

"नाही बसवणार, मनीष. पहिल्या पाचात घेतलाय त्याला."

"तुला काय माहीत?"

"मीच घेतलाय."

"तू? अगं, सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू विकला असतास का? माझा पहिल्यापासून डोळा होता त्याच्यावर."

नवरा इतक्या जोरात हसला की बाकाखाली झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

हैबतरावांना राहवेना. "तुमच्या दोघांची मॅच कवा हाय?"

"शनिवारी, काका."

"मग सायेब, तुमी हरताय बघा. पोरगं तुमीच शिकवलंय."