बघितलं की नसतो

(खालापूरकडचा एक सरकारी दवाखाना. शवागाराबाहेरचा बाक. भर दुपार.)

सुंदरा : सरक गं रिया बाजूला. पोराला वळखायला आईच लागती. मी बघते, नाय म्हणते, आन् घरी जाऊ. डाळ भिजत घातलीय.

रिया : थांब आई, ऐक आधी. वाल्मिकदादा, तुम्ही आम्हाला का बोलावलंत ते परत सांगा.

वाल्मिक : काय सांगू ताई. आयुष्य हितं प्रेतं सांभाळण्यात गेलं, कधी भ्या वाटलं नाय. आज वाटतंय. सकाळी ह्याला धुतला, तर हातावर गोंदलेलं. ‘सुंदरा’. म्हणून फोन लावला.

सुंदरा : जत्रेत गोंदून आला होता मेला. बाकीची पोरं पोरींची नावं गोंदतात, ह्यानं आईचं. चांगला बडवला होता मी. पर मागच्या खेपेला बी तू हेच म्हणालास की रं! आन् चादर काढली तर कोरा हात. कुणी परकाच.

वाल्मिक : त्याच्या आधीच्या खेपेला बी तेच. मी बघतो तवा तुमचा जितेश. तुमी बघता तवा दुसरंच कोण. तोंड सुदिक बदलतं, मावशी. सायेब मला इचारतो, पिऊन आलास काय.

सुंदरा : मग देवीनंच राखला त्याला. उगाच नारळ फोडते काय मी दर खेपेला? आन् ह्या माझ्या शिकलेल्या लेकीनं तर मला समजावून सांगितलंय.

रिया : मी वेगळं सांगितलं होतं गं.

वाल्मिक : काय सांगितलं?

रिया : पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत मी हेच करते, दादा. एक कण असतो, डोळ्यांना न दिसणारा. समजा, तो ह्या घरातून त्या घरात जाणार आहे. मी त्या घराचं दार उघडून बघते. आला का? नाही. परत बघते. नाही. पण प्रत्येक ‘नाही’नंतर त्याला जणू पहिल्यापासून निघावं लागतं. फार घाईघाईनं बघत राहिलं, तर तो पोचतच नाही.

सुंदरा : झालं तर मग! मी बघत राहीन, तर माझा जितेश ह्या खोलीत पोचायचाच नाय. मरायचाच नाय. रोज येईन मी. रिक्षा नाय मिळाली तर चालत येईन.

रिया : अगं, ते कणांचं झालं. माणसांचं असं नसतं.

वाल्मिक : ताई, मी ह्या डोळ्यांनी बघितलंय.

रिया : ...मीही बघितलंय, दादा. मागच्या वेळी चादरीबाहेर पाय आला होता. जितूचाच. अंगठ्याचं नख तसंच फुटकं. आई दारातून आत आली आणि तो पाय दुसऱ्याचा झाला. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, आपल्याला वेड लागलं.

सुंदरा : बघ! मग काढ रं चादर.

रिया : आणि घरी, आई? पळसदरीला दिवसभर काय करतेस? कुत्रं भुंकलं की दार उघडतेस. पातेलं वाजलं की दार. “आलास काय रं जितेश?” आणि अंगणात कोणी नाही.

सुंदरा : आईनं दार उघडू नाय?

रिया : घरी बघतेस तिथं नाही. इथं बघतेस तिथं नाही. मग तो आहे कुठे? कामाला म्हणून निघाला, गाडी तेवढी चौक गावाजवळ सापडली. आपण त्याला मेलेलाही होऊ देत नाही आणि घरीही येऊ देत नाही.

सुंदरा : परवा वहाणा वाजल्या गं. पार पायरीपर्यंत. त्याचीच चाल, दमलेली. मी धावत जाऊन दार उघडलं आन्...

वाल्मिक : मावशी, एक सांगू? रागावू नका. सकाळी त्याचे तळवे बघितले. पार सोलवटलेत. चालून चालून होतात तसे.

सुंदरा : मेलेला माणूस कुठं चालतोय रं?

वाल्मिक : तेच म्हणतो मी. मागच्या खेपेला इतके नव्हते.

सुंदरा : अगं आई गं! म्हणजे मीच चालवतेय त्याला? रिया, बोल की. मीच?

रिया : आपण सगळेच, आई. मलाही तो जिवंतच हवाय.

सुंदरा : ...वाल्मिक, चादर काढू नको.

वाल्मिक : बघायचं नाय?

सुंदरा : नाय. तशीच बांध. घट्ट नको, त्याला गुदमरतं. गाडी सांग.

वाल्मिक : पर वळख पटवल्याबिगर देत नाय, मावशी.

रिया : गोंदण तुम्ही वाचलंत ना, दादा? तसं साहेबांना सांगा. सही मी करते.

सुंदरा : लई दमलाय गं माझा लेक. आता घरी न्यायचा त्याला.

रिया : आई, तू मागं बस त्याच्याजवळ. मी पुढं बसते.

सुंदरा : नको. तू बस त्याच्या पायाशी. मी म्होरं डायवरापाशी बसते. आन् मान वळवाय लागले, तर मला धर, पोरी.