पहिला सामना

माणूस ज्याच्यासाठी घर बांधतो, तो त्या घरी वस्तीला आल्यावाचून राहत नाही, असं शास्त्र सांगतं. कोणतं शास्त्र ते विचारू नका; मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. तेव्हा मंडळी, ऐका. आजचा प्रश्न असा : दिलेला शब्द तंतोतंत पाळूनही माणसाला फसवता येतं का?

घाईनं माना डोलावू नका. आधी नीट बसा. वर चाळीस हजार खुर्च्या मोकळ्या आहेत; ज्यांना मांडी घालवत नाही त्यांनी आवडेल ती निवडावी. राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियम म्हणतात याला. मी उभा आहे ते मधलं वर्तुळ. पेटीवाले रेषेवर बसलेत, आणि तिकडे गोलपोस्टापाशी माता-भगिनी —

थप्प!

नाही, तबलजी नव्हेत. त्यांनी अजून गवसणीसुद्धा काढलेली नाही. बाहेरचं पत्र्याचं फाटक वाजलं. आजचं आख्यान त्या फाटकाचंच.

पूर्वी इथे तालमीचं मैदान होतं. उंचसखल, एका कोपऱ्यात जांभळाचं झाड. बॉल झाडाला लागला की कॉर्नर — जगात हा नियम कुठेच नाही, इथे होता. तालमीचे वस्ताद हिंदुराव सासने. शिकवायचे कुस्ती, जीव फुटबॉलात. एक दिवस स्टेडियम समितीचे अध्यक्ष अप्पासाहेब भोगावकर त्यांच्याकडे आले. देशाचं काम आहे, मैदान द्या म्हणाले. वस्तादांनी काय मागावं? रस्त्याकडेचा गाळा नाही, कोनशिलेवर नाव नाही. म्हणाले, "पहिला सामना आमच्या तालमीचा."

अप्पासाहेबांनी तिथल्या तिथे नारळ फोडला. "पहिला सामना तुमचाच, वस्ताद. शब्द."

झाड गेलं. स्टेडियम उभं राहिलं. आता फक्त उद्घाटन. बॉलला पहिली लाथ प्रमुख पाहुण्यांनी मारायची, मग सामना. रीत आहे आपल्याकडे. पाहुण्याशिवाय आपण नळाला पाणीही सोडत नाही. तर पाहुण्यांची तारीख मिळेना. मिळाली तेव्हा पाऊस. पाऊस उघडला तेव्हा आचारसंहिता. ती उठली तोवर पाहुणेच बदलले. नव्यांची तारीख मागा!

मग मैदान ओस पडलं म्हणता? छे. कृषी प्रदर्शन झालं. मतमोजणी झाली. पोलीस भरतीची पोरं धावली. साड्यांचा सेल लागला. श्वान स्पर्धा झाली — कुत्री आत आली, मंडळी, या गवतावर. वस्ताद विचारायला गेले की अप्पासाहेब चहा पाजायचे आणि म्हणायचे, "तुमच्याआधी कुणाला खेळू दिलंय का? सांगा."

खरंच दिलं नव्हतं. राज्याचा संघ सरावाला आला, तर त्यालाही परतवून लावलं. पहिला मान तालमीचा, शब्द दिलाय. वस्तादांच्या नावानं सगळ्या देशाचा फुटबॉल बाहेर! पहिला मागितला, इथेच वस्ताद चुकले. दुसरा मागितला असता, तर निदान पहिला तरी झाला असता.

इकडे तालमीचा संघ पिकत चालला. सेंटर फॉरवर्डला जावई आला. वस्तादांच्या घरच्या तानूबाई दरवर्षी जर्स्या उन्हात टाकायच्या आणि म्हणायच्या, "कापड हाय तसंच हाय. घालणारं मावंना झाल्यात." आणि वस्तादांना झाला काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी जपा. वस्तादांना ती एकाच गोष्टीसाठी जपायची होती. दिसतंय तोवर त्या गवतावर आपली पोरं बघायची. बस्स.

एका रविवारी उठले आणि म्हणाले, उद्घाटन आपणच करू. संघ घेऊन फाटकाशी आले. फाटकावर राखणदार कोण? बंडा डवरी, तालमीचाच जुना गोलकीपर. मैदान घेतलं तेव्हा समितीनं त्याला नोकरीला लावलेलं. आधी बॉल अडवायचा, आता माणसं अडवतो.

बंडानं कमरेची चावी काढून वस्तादांच्या हातात दिली. "उघडा, वस्ताद. मी तोंड फिरवून हुबा ऱ्हातो."

वस्तादांनी चावी चाचपली. "नोकरी जाईल की रं तुजी."

"जाईल की."

"आन् पोरीचं कॉलेज?"

बंडानं बोलल्याप्रमाणे तोंड फिरवलं.

मंडळी, इथे क्षणभर थांबा. फाटकाच्या फटीतून हिरवंगार गवत. डोळ्यांत उजेड थोडाच उरलेला. हातात चावी. तुम्ही काय केलं असतं? मोठ्यानं सांगू नका, शेजारी ऐकतात.

वस्तादांनी चावी बंडाच्या कमरेला परत खोचली. म्हणाले, "हितंच हुबा ऱ्हा. फाटक हाच गोल. तू आपली ड्युटी कर."

पार्किंगमध्ये सामना सुरू! एका अंगाला दोन चपला ठेवून केलेला गोल, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय स्टेडियमचं फाटक. इतक्यात अप्पासाहेबांची गाडी आली. काच खाली झाली. "बंडा, काय चाललंय?"

"फाटक राखतोय, साहेब," बंडा म्हणाला, आणि उजवीकडून आलेला बॉल झेप घेऊन छातीशी धरला. अप्पासाहेबांना हरकत घेता येईना. गडी फाटक सोडून गेला नव्हता. उलट इतकं मनापासून ते आजवर कुणी राखलं नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये खेळ असतो. वस्ताद कडेला खुर्ची टाकून बसतात. आता त्यांना दिसत नाही. फाटक वाजलं की गोल झाला, एवढं कळतं.

थप्प! झाला बघा.

आता अप्पासाहेबांना हसू नका. आपण देवाला काय सांगतो? मोकळा झालो की पहिलं तुझंच नाव. पोराचं मार्गी लागू दे, गच्चीवरची खोली होऊ दे, गुडघे बरे होऊ देत. तोवर आत प्रदर्शन चालू, सेल चालू, कुत्रीसुद्धा येऊन जातात. आणि वर देवाला विचारतो, तुझी जागा दुसऱ्या कुणाला दिली का? नाही दिली. राखून ठेवली आहे. गवत हिरवंगार आहे. तो बाहेर पार्किंगमध्ये उभा आहे.

शब्द पाळूनही फसवता येतं का, हे मला विचारू नका. मीही तुमच्यासारखाच फाटकाच्या आत आहे.

आरतीला उभे राहा. समितीची सूचना आली आहे, आरती आटोपती घ्यावी. मांडववाले बाहेर थांबलेत. उद्या इथे अप्पासाहेबांच्या पुतणीचं लग्न आहे.