पाठमोरी

नाही हो बाई, ती टेकडी नव्हेच! चुकीच्या टेकडीचे फोटो काढून आलात तुम्ही. सगळेच काढतात. खरी टेकडी त्या पलीकडे, पाण्याच्या टाकीमागे — तिथल्या फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे. पण आत्ता नाही जायचं, चव्वेचाळीसवर गेलाय पारा, भाजून निघाल. बसा पंख्याखाली. पेट्रोल भरून झालंय, गाडी सावलीत आहे, घाई कसली? एकट्याच निघालात ना? लाँगरीच शहर काय पळून जात नाही. हा घ्या चहा. बायको मागे चादरी वाळत घालतेय, आली की सँडविच देईल करून. — काय विचारलंत? सिनेमा लोकांना कसा वाटला? आमच्या लोकांना? वा! हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकीचे येतात ते नायक कुठल्या खुर्चीत बसला होता, नायिका कुठल्या खोलीत झोपली होती — तेवढंच. गावाला सिनेमा कसा वाटला, हे कोण विचारतं?

हसले हो लोक, पोट धरधरून हसले. नऊ वर्षं झाली. विराबिला गावच्या सभागृहात रविवारी दुपारी दोनचा खेळ. कंपनीनं मोठा पडदा पाठवला होता आणि पडद्याबरोबर एक टायवाला माणूस, भाषण करायला. तीनशे माणसं — तीनशे कुठून आणता हो विराबिलात? दीडदीडशे किलोमीटरवरून आली होती, पोरंबाळं घेऊन. आणि पडदा उघडला तसा पहिला आवाज कुणाचा, तर खाटीक नॉरिसचा — ‘अरे, हा माझा बैल!’ म्हणजे बघा, नायिकेचा बाप मरतोय, जहागीर तिच्या गळ्यात पडतेय, परक्या देशातून ती पोर एकटी आलीय, संगीत रडतंय, आणि हा उभा राहून, माझा बैल, माझा बैल! मग थांबतंय कोण? सबंध सिनेमात माशी नाही — एक माशी नाही! इथे तोंड उघडलं की दोन आत जातात. तीन महिने ती बाई दोन हजार गुरं हाकत वाळवंटातून जाते आणि सदरा पांढराशुभ्र. ते तहानेनं मरायला टेकतात, देवानं पाठवल्यासारखं तळं सापडतं — ते आमचं गावचं पाणी साठवायचं तळं! पंप तेवढा चित्रातून पुसून टाकलेला. तिथे तर लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. तो टायवाला घामाघूम. त्याला वाटलं होतं, आम्ही रडू. शहरात म्हणे बायका रुमाल भिजवून बाहेर पडल्या.

हो, मीही हसत होतो. का नाही हसणार? सगळ्यांच्या पुढे मीच हसत होतो. तोवर.

आता ही नायिका — फोटो आहे बघा तिचा तिथे काउंटरवर — तिला घोड्याची भीती. जवळ गेली तरी अंगावर काटा यायचा तिच्या. चेहरा दिसायचा तेव्हा तिला ट्रकवर ठेवलेल्या पिंपावर बसवायचे आणि दोन माणसं ट्रक हलवायची, खोटं नाही सांगत. आणि चेहरा दिसायचा नसेल तेव्हा? तेव्हा घोड्यावर नेरिडा. माझी बायको. सोनेरी टोप घालायचा, वर तिची हॅट, तिचाच पांढरा सदरा, की झाली नायिका. म्हणजे तुम्ही शहरात बसून जे काही दौडणं बिडणं पाहिलंत, ती उडी ओढ्यावरून, तो उतारावरून घोडा सोडलेला — ती सगळी माझी बायको. पाठमोरी. सहा आठवडे जात होती रोज सकाळी, तिची घोडी घेऊन. टॅन्सी. तांबडी होती, कपाळावर पांढरा ठिपका. हिच्याच हातची — म्हणजे त्या घोडीची आईसुद्धा लग्नाआधीपासून हिचीच. मी म्हटलं जा, आपलं काय जातंय. कुणाला कळणारेय, पाठ दिसणार नुसती. पाठीला काय नाव असतं?

पण कळलं ना! आणि कशानं कळलं, सांगू? कोपरानं. नेरिडाचा डावा हात सरळ होत नाही, कोपर असं बाहेर राहतं, कोंबडीच्या पंखासारखं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मोडला होता, दारात सापडून. मी दार लावत होतो. वारा होता. — तर पडद्यावर ती उतारावरून घोडा सोडते, धूळ उडतेय, आणि तिसऱ्या रांगेतून क्वेफबाई ओरडल्या. क्वेफबाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या बाई, निम्म्या गावाला त्यांनी अक्षरं शिकवली. ‘अगंबाई, हे तर आपल्या नेरिडाचं कोपर!’ बस्स. हसणं जे थांबलं! आणि मग जी काय आरोळी उठली! त्यानंतर घोडा आला की टाळ्या. घोडा आला की शिट्ट्या. सिनेमाचं कुणाला पडलंय? ती नायिका समोर तोंड करून बोलायला लागली की लोक ‘फिरव, फिरव, पाठ फिरव’ म्हणून ओरडायचे. नॉरिस तर आपला बैल विसरला.

आणि मग तो शेवटचा प्रसंग. टेकडीवरचा. पाहिलाय ना तुम्ही? त्यासाठीच तर आलात इतक्या लांब. सूर्य बुडतोय, नायक धुळीतून येतो, दोघं घोड्यांवरूनच एकमेकांकडे झुकतात — सगळं काळं दिसतं, मागे नुसतं लाल. आता तुम्हाला वाटलं ते दोघं. छे! नायिका कुठली बसतेय घोड्यावर? नायकाचा डुप्लिकेट, लॅखी नावाचा, उंच, दाढीवाला पोरगा, आणि माझी बायको. तीन संध्याकाळी चित्रण चाललं होतं त्याचं. मला घरी येऊन हिनं काय सांगितलं? ‘सूर्य बुडेपर्यंत थांबायचं होतं, क्लेम, मान अवघडली.’ मान अवघडली म्हणे! चाळीस फुटांच्या पडद्यावर अकरा सेकंद. मोजलेत मी. नंतर कॅसेट आली तेव्हाही मोजले, परत परत मोजले, अकराच. मागून कोणीतरी ओरडलं, ‘क्लेम, डोळ्यांवर हॅट धर रे!’ — गंमतीत हो, गंमतीत. मी पण हसलो. आणि ही माझ्या शेजारी, तोंडावर हात दाबून, डोळ्यांत पाणी, हसतेय की रडतेय कळेना. एकोणीस वर्षं बायको होती माझी, असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. दिवे लागले तर क्वेफबाईंनी तिला हाताला धरून उभं केलं. आणि सबंध सभागृह उभं राहिलं. टाळ्या, टाळ्या, थांबायलाच तयार नाहीत. नेरिडासाठी! जिची दुकानात चार शब्द बोलायची मारामार. मी? मी बसून होतो. माझ्या हातात हॅट होती ना, टाळ्या कशा वाजवणार?

घरी येताना साठ किलोमीटर बोलत होती. तोंड बंद नाही. टॅन्सीनं कसं केलं, लॅखी कसा हसवायचा, तो टायवाला काय म्हणाला. काय म्हणाला? तर पुढचा सिनेमा दक्षिणेत करताहेत, त्यात अशा बायका हव्यात, घोडी घेऊन या, पत्र पाठवतो. मी म्हटलं, पाठवू दे की.

पत्र आलं. टपालाची पिशवी इथेच उतरते, या काउंटरवर, आणि ती उघडतो कोण? मी. छान पत्र होतं हो. जाड कागद. चार महिन्यांचं काम, राहायला खोली, घोडीला तबेला. ‘श्रीमती नेरिडा टियर्नी यांस.’ मला वाचून... स्टोव्ह पेटलेलाच होता. आता तुम्ही म्हणाल, वाईट केलं. तुम्हाला काय जातंय म्हणायला? चार महिने हे दुकान कोण चालवणार होतं? आणि चार महिन्यांनी ती परत आली असती, असं वाटतं तुम्हाला? खरं सांगा. — बघा. कप खाली ठेवलात.

पण पत्र जाळून भागतंय का? दुसरं आलं असतं. फोन आला असता. मग मी डोकं चालवलं. — जरा इकडे सरका, मोठ्यानं बोलायला नको. तुम्ही आपल्या जाणार निघून, तुम्हाला सांगायला हरकत नाही. नेरिडा दोन दिवस लाँगरीचला गेली होती, दाढ काढायला. मी त्या ट्रकवाल्याला बोलावलं. कुठला म्हणजे? कुत्र्यांच्या खाण्यासाठी जनावरं नेतो तो. आता गंमत बघा, घोडी ट्रकवर चढेना. दोघं लागलो, दोर लावला, चाबूक लावला, चढायचं नाव घेईना. माझं तिच्यापुढे कधी चाललं नाही, मला बघितलं की कान मागे टाकायची. मग मी आत गेलो आणि नेरिडाचं जुनं स्वेटर आणलं, तेच, थंडीत घोडीला खरारा करताना घालायची ते. घातलं अंगात आणि पुढे होऊन ट्रकवर चढलो. आली! कोकरासारखी आली मागोमाग, माझ्या खांद्यावर नाक ठेवून. ट्रकवाला म्हणाला, असं मी आजवर पाहिलं नाही. मी म्हटलं, डोकं लागतं.

छे, हिला कुठलं सांगतोय! हिला सांगितलं, बार्कल्डिनच्या पलीकडे एक कुटुंब आहे, त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला दिली. पोरगी पायानं अधू आहे, घोडीशिवाय तिला कोणी नाही. हे अधू मला तिथल्या तिथे सुचलं हो! त्यानं काम केलं. दोन दिवस रडली, मग म्हणाली, ‘चांगली वागवतात ना तिला?’ म्हटलं, अगदी. नऊ वर्षं बाई, नऊ वर्षं त्या घोडीच्या जिवावर घर शांत आहे. कधी तोंड फुगवलं, कधी बहिणीकडे जाते म्हणाली, की मी म्हणायचं, कालच त्या माणसाचा फोन होता. टॅन्सीला शिंगरू झालं. लगेच चेहरा उजळतो! दोन शिंगरं झाली आत्तापर्यंत. नावंसुद्धा हिनंच सुचवली, मी ‘कळवली’. नाताळात त्या पोरीसाठी मोजे विणते, मी पोस्टात टाकतो म्हणून नेतो. कुठे टाकतो? पुलाखाली.

एकदाच पंचाईत झाली. मागच्या वर्षी तो लॅखी आला. गाडीतून उतरला, हातात सफरचंदांची पिशवी, घोडीसाठी. आणि बरोबर कोण? त्याचा जोडीदार. इव्हान की काय. जोडीदार म्हणजे — कळलं ना? चौदा वर्षं एकत्र राहताहेत, घर आहे, कुत्रा आहे. सिनेमा केला तेव्हाही होताच की तो! मी आपला बघत राहिलो. अकरा सेकंद, आणि त्यात काही... नाही, पण मी म्हणतो, त्याचं नसेल काही. हिचं? हिचं होतंच ना! तो चेहरा मी पाहिला होता. मग त्याचं काय? — तर लॅखी म्हणतो, ‘नेरिडा, आम्ही पत्र पाठवलं, तू उत्तरच दिलं नाहीस.’ ही म्हणते, ‘कसलं पत्र?’ मी म्हटलं, त्या साली पूर होता, अर्धं टपाल वाहून गेलं. आणि ही कौतुकानं सांगायला लागली टॅन्सीचं, शिंगरांचं, त्या अधू पोरीचं. तो म्हणाला, चल, जाऊन भेटू, तीन तासांची तर वाट! मी म्हटलं, ते लोक मागच्याच महिन्यात टास्मानियाला गेले, समुद्रापार. ही माझ्याकडे बघत राहिली. ‘मला सांगितलं नाहीस, क्लेम.’ विसरलो, म्हटलं. तेव्हापासून दोनदा पत्ता मागितलाय तिनं. देऊ, देऊ म्हणतोय. एखादा बनवावा लागेल. तुम्ही कुठल्या? तिकडे टास्मानियात होबार्टकडचं एखादं गाव सांगा ना, खरं वाटेल असं —

काय झालं? चहा घेतला नाहीत. आणि असं माझ्या खांद्यावरून काय बघताय?

नेरिडा.

झाल्या चादरी? केव्हाची उभी आहेस तू? — काही नाही गं, सिनेमाचंच चाललं होतं, बाई विचारत होत्या. गिऱ्हाइकाला जरा रंगवून सांगावं लागतं, तुला माहितीय माझी सवय. असं बघू नकोस.  जा, सँडविच कर बाईंना. — तुम्ही कशाला उठलात? बसा. नसेल बसायचं तर निघा. निघा म्हटलं ना! आमचं आम्ही बघून घेऊ, नवरा-बायकोत तिऱ्हाइताचं काय काम?

ए, तू कुठे? तिकडे कुठे चाललीस? अहो बाई, ती त्या बाजूचं दार उघडतेय. तुमच्या गाडीचं. कुलूप नाही लावलंत? उतरवा तिला. ऊन लागतं तिला कधीकधी, मग अशी वागते. नेरिडा! घोडी होती ती, एक घोडी! बावीस वर्षांची झाली असती आज, मेलीच असती तशीही. ऐकतेस का? काच खाली कर. — तुम्ही गाडी सुरू करू नका. सांगून ठेवतो. करू नका.

ठीक आहे. जा. बघू किती दिवस. आणि तो एप्रन काढून दे इकडे, दुकानाचा आहे तो.