कपाटाचं दार

मास्तर : नाही बाई, बसत नाही. उभ्यानंच सांगून जातो. आजपासून मी समुपदेशनाला येणार नाही. इथं एकट्यानंही नाही आणि पलीकडच्या खोलीत, गटातही नाही.

बाई : सांगा उभ्यानं. पण आधी एवढं ऐका, चूक माझी आहे.

मास्तर : चूक? अहो, अब्रू गेली माझी! इतके महिने दार लावून तुमच्याजवळ जे बोललो, ते तुम्ही चारचौघांत...

बाई : त्या दिवशी गटात कंडक्टर रडत होते. मुलानं ढकललं म्हणाले. त्यांना एकटं वाटू नये म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, मास्तरांनाही ठाऊक आहे, पोटच्या पोराचा मार...

मास्तर : पुन्हा नका उच्चारू!

बाई : नाही उच्चारत. ते तुमचं होतं, तुम्हीच सांगायचं. त्या दिवसापासून देवापुढे बसले की तुमचाच चेहरा दिसतो. मान वर होत नाही.

मास्तर : तुमचं देव बघून घेईल. माझं काय? जन्मभर पोरांना कवायत शिकवली. छाती पुढे, मान ताठ! डोळा काळानिळा झाला तेव्हा 'कपाटाचं दार लागलं' म्हणून गटाला हसवलं. शिवणाच्या ताई काय म्हणाल्या, आठवतंय? 'कपाटाला तुमची शिट्टी ऐकू आली नाही वाटतं, मास्तर!'

बाई : आठवतंय.

मास्तर : आता कळलं सगळ्यांना, ते कपाट जेवतं, झोपतं आणि मला 'बाबा' म्हणतं. ...मी उठून गेल्यावर हसले का हो?

बाई : ते नाही सांगता येणार.

मास्तर : म्हणजे हसले.

बाई : तसं म्हणाले नाही मी. इथलं एकदा तिकडे नेलं, तेवढं पाप पुरे. आता तिकडचं इकडे आणणार नाही. तुम्ही कितीही रागावलात तरी.

मास्तर : वा! वरातीमागून घोडं!

बाई : खरं आहे. म्हणा.

(भिंतीपलीकडे खुर्च्या सरकवल्याचा आवाज. कुणीतरी खोकतं.)

मास्तर : जमले वाटतं. खोकला कंडक्टरचाच. ...बरा आहे का तो?

बाई : त्यांनाच विचारायला हवं.

मास्तर : मी भित्रा नाही हो, बाई. अजूनही एका हातानं आडवा करीन पोराला. पण याच हाताचं बोट धरून तो चालायला शिकला. उचलवत नाही.

बाई : हे मला ठाऊक आहे. पण गटाकडे माझं अर्धं वाक्यच आहे.

मास्तर : आणि तेवढंच घेऊन बसलेत ते.

बाई : हो.

मास्तर : ...तुम्ही मध्ये बोलणार?

बाई : सगळ्यांदेखत तुमची माफी मागेन. मग अवाक्षर नाही.

मास्तर : माफी मागाहून. आधी मी बोलतो. ते दार तेवढं तुम्ही उघडा.