सोमवारची हॅट

—नाही, आधी आत या मिसेस हॅलोवे, मग बोला. खुर्चीवरचे ओले कपडे सरकवा तिकडं. सोमवार ना, सगळ्या घरभर धुणंच धुणं. चहा ठेवते. साखर मात्र बेताचीच हं, रेशनची आठवडा सरायच्या आधीच संपवली रोलंडनं—वैमानिक नवरा नाही, मुंगळा आहे मेला!

हॅट छान आहे. कुठं लग्नाला निघालात का? नाही—म्हणजे नियम तुमचाच ना, तळावरच्या मोठ्या साहेबांच्या बाई तुम्ही? या गल्लीत एकमेकींकडं जायचं ते उघड्या डोक्यानं. कितीही पाऊस असू दे. कारण एड्नाचा नवरा विमानासकट पडला त्या दिवशी तिच्या दारात तुम्ही हॅट घालून उभ्या राहिलात, आणि नंतर कुणाचीही हॅट दिसली की आमच्या काळजाचं पाणी व्हायला लागलं. विसरलात, होय ना? विसरतं माणूस.

बसा हो. थांबा, बोलू नका, किटली शिटी वाजवतेय, मला ऐकू येत नाही. त्या नव्या जेटचं सांगते ना—मागं रेललेल्या पंखांचं ते. रोलंड म्हणतो, वेगात गुणी बाळ, पण उतरताना एक पंख खाली टाकतं, हट्टी. म्हणून तर आधी असं एकच विमान करायचं, उडवून बघायचं, शिकायचं, मग मोठी विमानं बांधायची. कुणीतरी बघायलाच हवं ना? हवंच. मी म्हटलं, तूच का? तर हसला. शर्टाचं बटण तुटलं होतं, संध्याकाळी लाव म्हणाला. हा बघा शर्ट, हातातच आहे.

सकाळी विमान गेल्याचा आवाज ऐकला मी. आल्याचा—भांडी घासत होते हो मी. मुद्दाम आपटून घासत होते. भांड्यांच्या आवाजात कसं ऐकू येणार, सांगा?

एड्नाकडं नंतर कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही. तिचं दार आलं की आम्ही रस्ता ओलांडून पलीकडून जायचो—जसं काही तिला देवी आल्यात. ती खिडकीत उभी असायची. हात केला होता तिनं एकदा.

नका. तोंडानं सांगू नका. कळलं मला. तुम्हाला फाटकातून येताना पाहिलं तेव्हाच कळलं.

चहा राहू दे. जा तुम्ही. फक्त हॅट काढून हातात धरा, बाकीच्या जणी पडद्यांआडून बघतायत, प्रत्येकीला वाटेल आपल्याच दारी येताय. आणि उद्या इथून जाताना, मिसेस हॅलोवे—याच बाजूनं जा.